हिंगोलीच्या चर्चासत्रात सुमनमावशीचं नाव

शोधनिबंध वाचल्याशिवाय पीएच.डी. पुढे सरकत नाही, म्हणून अमरावतीहून हिंगोलीच्या राष्ट्रीय चर्चासत्राला निघाले. विषय भारदस्त : ‘माध्यमे, संवाद आणि डिजिटल समाज’. माझा निबंध होता हिंगोलीजवळच्या गोरेगावकडच्या मेंढपाळ घरांतल्या बायकांच्या मोबाईल ध्वनिसंदेशांवर.

तुम्हीही जाणार असाल तर वाशिमहून एसटी धरा आणि कनेरगाव नाक्याला ढाब्यावर भाकरी-ठेचा खाऊन घ्या. चर्चासत्रातल्या जेवणावर विसंबू नका. सत्कार संपल्याशिवाय तिथे ताटं लागत नाहीत, आणि सत्कार संपत नाहीत.

सभागृहात श्रोत्यांपेक्षा मंचावर गर्दी. शाल, नारळ, पुन्हा शाल. ‘स्थानिक आवाज ऐकले पाहिजेत,’ असं बजावून मुख्य वक्ते एकही निबंध न ऐकता गाडीत बसले.

स्थानिक आवाज मी बोलावला होता, त्याच मेंढपाळ घरांतल्या सुमनमावशींचा. नवरा मेंढरं घेऊन लांब चारायला गेला की मावशी त्याला नव्या कोकराचं ओरडणं रेकॉर्ड करून धाडतात. माझ्या निबंधात तेवढंच काय ते जिवंत होतं. मावशी जावेला घेऊन गोरेगावहून जीपनं आल्या आणि थेट पहिल्या रांगेत बसल्या.

“उत्तरदाता क्रमांक चार ध्वनीद्वारे भावनिक उपस्थिती निर्माण करते,” मी वाचलं.

जावेनं मावशींना कोपरानं ढोसलं. “तुजं नाव कव्हा येऊन राहिलं?”

मावशी उभ्याच राहिल्या. “बाई, ती चार नंबरची म्हंजे मीच व्हय?”

“हो मावशी. नाव सांगायचं नसतं. नियम आहे.”

“सकाळपून वर बसलेल्यायची नावं घेऊन राहिले. मंग माझंच काहून न्हाई?”

सभागृह हसलं. अध्यक्षांनी घंटी वाजवली. “प्रश्न विचारा, परिचय नको.”

मावशींचा चेहरा उतरला. माझ्याच्यानं ते बघवेना. “ह्या सुमनबाई,” मी माईकमध्ये म्हटलं. “कोकराचा आवाज ह्यांनीच पाठवला.”

जावेनं एकटीनं टाळ्या वाजवल्या. मावशी पदर सारखा करून ऐटीत बसल्या. गोपनीयतेचा भंग झाला म्हणून माझा निबंध चर्चासत्राच्या पुस्तकातून बाद झाला. प्रमाणपत्र मात्र मिळालं. ते न बोललेल्यांनाही मिळत होतं.

अमरावतीत मी प्रबंधातही मावशींचं नाव घातलं, तेव्हा मार्गदर्शक वैतागले. “एकीचं नाव आणि बाकीच्यांना क्रमांक? कसं दिसेल ते?”

मग मी बाकीच्या बायकांना फोन लावले. आता सगळ्यांना नावं देणार, या तोऱ्यातच होते. एक तरुण सून हळूच म्हणाली, “ताई, माझं नका टाकू. माझ्यापाशी फोन हाय हे सासऱ्याला ठाव न्हाई.”

मुलाखत घेताना मी तिला हे विचारलंच नव्हतं. सुमनमावशी आता प्रबंधात नावानिशी आहेत. ही दुसरी कोण, ते मी इथेही लिहिणार नाही.