तिसऱ्या फेरीतली लाल ओळ

मी बदलापूरला कात्रपमध्ये राहतो आणि लोकांना कॉम्प्युटर जोडून देतो. दुकान नाही. हॉलच्या कोपऱ्यात एक लांब टेबल आहे, त्यावर उघडे बोर्ड, वायरी आणि दोन मॉनिटर. सुटे भाग उल्हासनगरहून, कॅम्प तीनमधून आणतो. तिथला एक सिंधी व्यापारी मला मान देतो, कारण मी आणलेला भाग तपासल्याशिवाय कुणाला देत नाही. त्यातही माझं नाव झालं ते रॅममुळे. कॉम्प्युटर हातातलं काम जिथं धरून ठेवतो ती जागा म्हणजे रॅम. ती चुकली तर बाकी सगळं कितीही भारी असलं तरी फुकट, आणि ती चुकतेय हे पुष्कळदा कळतसुद्धा नाही. हे मी लोकांना कितीतरी वेळा समजावून सांगितलंय. म्हणूनच पुढचं लिहायला जड जातं.

बाईंनी मला शाळेत भूगोल शिकवला. निवृत्त झाल्यावर त्या अंबरनाथ पश्चिमेला चौथ्या मजल्यावर एकट्या राहायच्या. वर थेट गच्ची. घरात बसून राहणं त्यांना जमणारं नव्हतं. इथल्या धरणाची उंची वाढली तेव्हा त्याच्या पलीकडची काही गावं पाण्याखाली गेली आणि तिथली माणसं डोंगराच्या अंगाला पाडे करून राहिली. बाई त्या पाड्यांवर जायच्या. म्हाताऱ्या माणसांसमोर रेकॉर्डर ठेवायच्या आणि विचारायच्या, तुमचं घर कुठं होतं, शेजारी कोण, विहीर कुठल्या बाजूला, माणूस गेला की कुठं न्यायचे. त्या उत्तरांवरून बुडालेल्या गावाचा नकाशा काढायचा, घरागणिक, असं त्यांनी ठरवलं होतं.

रेकॉर्डिंगमध्ये वारा, कोंबड्या, मागून जाणाऱ्या गाड्या असं सगळं यायचं. ते आवाज काढून टाकायला बसलं की बाईंचा जुना कॉम्प्युटर अडकून पडायचा. त्यांनी मला बोलावलं.

"मला वेगातलं काही कळत नाही," त्या म्हणाल्या. "हे सगळं नीट राहिलं पाहिजे, एवढंच बघ. यातली बरीच माणसं आता फार दिवसांचे सोबती नाहीत."

त्याच आठवड्यात उल्हासनगरच्या व्यापाऱ्यानं मला रॅमच्या दोन जोड्या दिल्या. एक साधी. दुसरी नवीन आलेली, वर काळं धातूचं जाकीट, वेग जवळजवळ दीडपट.

"साईं, दोनो ले जाओ," तो म्हणाला. "चार-पाच दिवस ठोकून बघ आणि मला लिहून दे. तुझं लिहिलेलं दाखवलं की गिऱ्हाईक दुसरं काही विचारत नाही."

मला ते ऐकून बरं वाटलं. तिथूनच चुकायला सुरुवात झाली.

जानेवारी होता. टेबल खिडकीपाशी, कॅबिनेट उघडं. बाईंचंच एक रेकॉर्डिंग नमुन्याला घेतलं आणि दोन्ही जोड्यांवर तेच काम लावून बघितलं. नवीन जोडीवर काम बरंच लवकर उरकलं. मी तापमान लिहून ठेवलं, आकड्यांचा तक्ता केला. व्यापाऱ्याला फोन करून सांगितलं की माल जबरदस्त आहे. बाईंनाही कळवलं, तुमच्यासाठी सगळ्यात चांगली रॅम घेतोय.

खरी चाचणी त्यानंतर लावली. हे बोलण्याच्या आधी करायला हवं होतं. या चाचणीत रॅमच्या प्रत्येक कप्प्यात काहीतरी लिहायचं आणि परत वाचून बघायचं, लिहिलं तेच आलं का. अशा पूर्ण चार फेऱ्या. त्यात एकही चूक निघता कामा नये, हा माझा नियम. या परीक्षेत पासापुरते मार्क नसतात. शंभर नाही तर नापास.

तिसऱ्या फेरीत, दुपारी मी जेवून हात धुऊन आलो तर स्क्रीनवर एक लाल ओळ होती. एकच. कोट्यवधी कप्प्यांतला एक कप्पा, त्यात शून्य ठेवलं आणि परत एक आला.

मी बराच वेळ त्या ओळीकडे बघत उभा होतो. मग मशीन बंद केलं, जोडी काढली, तिचे सोनेरी दात खोडरबरानं पुसले, परत बसवली आणि चाचणी पुन्हा पहिल्यापासून लावली. चारही फेऱ्या स्वच्छ गेल्या. धूळ असेल, असं मी स्वतःला सांगितलं. वेग दोन पायऱ्या खाली आणला असता तरी चाललं असतं, बाईंना फरक कळलाही नसता. पण मग तक्त्यातले आकडे बदलले असते आणि फोनवर मारलेल्या गप्पा खोट्या पडल्या असत्या. व्यापाऱ्याला दिलेल्या कागदावर मी लिहिलं, चार फेऱ्या, चुका शून्य. त्या लाल ओळीबद्दल कुणालाही सांगितलं नाही.

तीच जोडी बाईंच्या मशीनमध्ये बसवली. पहिले तीन-चार महिने त्या खूश होत्या.

मे महिन्यात त्यांची डिस्क भरत आली म्हणून मी अंबरनाथला गेलो. गच्ची तापून खोलीत भट्टी झाली होती. पंखा नुसता गरम वारा फिरवत होता. मी सुचवलं की जुनी रेकॉर्डिंग दाबून त्यांची गाठोडी बांधू, म्हणजे जागा कमी लागेल. एकेका पाड्याचं एक गाठोडं. दुपारभर मशीन ते करत बसलं. शेवटी सॉफ्टवेअरनं विचारलं, बांधलेलं उघडून तपासायचं का? त्याला आणखी दोन तास लागले असते. बाई जेवायला थांबल्या होत्या, माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मी नाही म्हटलं. मूळ फाइली पुसल्या, रेकॉर्डरची कार्डंही पुढच्या फेरीसाठी रिकामी करून दिली. गाठोड्यांची एक नक्कल बाहेरच्या डिस्कवर घेतली.

"आता दोन ठिकाणी आहे, बाई," मी म्हटलं. "निर्धास्त राहा."

बाईंनी ज्यांना बोलतं केलं त्यात एक म्हातारा होता, त्याच्याइतकं गाव कुणालाच पाठ नव्हतं. लागोपाठ तीन दुपारी तो बोलला होता. डोळे मिटून तो गावात शिरायचा आणि एकेका दारावरून पुढे जात सांगायचा. दिवाळीच्या सुमारास तो गेला. महिन्याभरानं त्याची मुलगी बाईंकडे आली, बापाचा आवाज ऐकायला. त्या दिवशी सकाळी मला बाईंचा फोन आला.

"ते गाठोडं उघडत नाहीये रे. माझ्याकडून काहीतरी चुकीचं दाबलं गेलंय बहुतेक. येतोस का?"

मी पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्याची मुलगी पलंगाच्या कडेवर पिशवी मांडीत धरून बसली होती. पन्नाशीची असेल, उन्हानं रापलेली. चहा तसाच गार झाला होता.

"हा माझा विद्यार्थी," बाईंनी तिला सांगितलं. "हा काढून देईल."

मला काढून देता आलं नाही. गाठोड्याच्या सुरुवातीची दहा-बारा मिनिटं मोकळी झाली, त्यापुढे प्रत्येक वेळी तोच संदेश, माहिती खराब आहे. अशा गाठोड्यात मध्ये एक धागा चुकला की पुढचं सगळं विस्कटतं. बाहेरच्या डिस्कवरची नक्कलही तशीच निघाली. निघणारच. चुकीचं बांधलेलंच मी दुसरीकडे उतरवलं होतं.

जे निघालं ते लावलं. आधी खोकला, मग बाईंचा प्रश्न, मग म्हातारा. आमचं घर वडाच्या खालच्या अंगाला, तो म्हणाला. तिथून तो दोन घरं पुढे गेला. तिसऱ्या घराच्या दारात आवाज तुटला.

"फुडं?" मुलीनं विचारलं.

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "फाइल खराब झालीय. बघतो मी."

"म्हंजी बाचा आवाज गेला का?"

मी तीच फाइल पुन्हा उघडून बघितली. थोड्या वेळानं ती म्हणाली, "हाय तेवढाच परत लावा." आम्ही तीन वेळा लावला. निघताना दारात चपला घालता घालता तिनं बाईंना विचारलं, "त्यानं माजं नाव घेतलं व्हतं का?"

"घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी."

"काय म्हनला?"

बाई आठवत राहिल्या. "तुझा जन्म झाला त्या साली विहीर आटली नव्हती, असं काहीतरी म्हणाले. नेमके शब्द नाही गं आठवत मला."

ती मान हलवून जिना उतरली.

मशीन मी घरी आणलं आणि तीच चाचणी लावली. पहिल्याच फेरीत स्क्रीन लाल ओळींनी भरून गेली. वरच्या ओळी खाली सरकत होत्या आणि नव्या येत होत्या. पाच मिनिटांत मी ते बंद केलं. मला आणखी काही बघायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाईंचा फोन. "अरे, एकदा लाइट गेली तेव्हा मी भीतीनं बटण बंद करून ठेवलं होतं. त्यानं झालं असेल का?"

"सांगता येत नाही, बाई," मी म्हणालो.

हे वाक्य मी बारा दिवस तसंच राहू दिलं. त्या अधूनमधून फोन करून आपली एखादी नवी चूक सांगायच्या आणि मी हुं हुं करायचो. व्यापाऱ्याकडे जाऊन जानेवारीतल्या त्या एका लाल ओळीचं सांगितलं, तर तो म्हणाला, "एक एरर से क्या होता है, साईं? दे इकडे, बदलून देतो." त्यानं लगेच नवीन जोडी काढून समोर ठेवली. मी ती घेतली नाही. साधी जोडी घेतली.

मशीन परत द्यायला अंबरनाथला गेलो तेव्हा बाईंनी माझ्यापुढे एक वही ठेवली. एका पानावर त्यांनी सुबक अक्षरात यादी केली होती. कुठल्या दिवशी त्यांनी काय दाबलं, कधी लाइट गेली, कधी पेन ड्राइव्ह न विचारता ओढला. "यातलं कशानं झालं ते सांग," त्या म्हणाल्या, "म्हणजे पुन्हा तसं करणार नाही."

मी यादी पूर्ण वाचली. मग सांगितलं. जानेवारीतली दुपार, ती एक ओळ, खोडरबर, व्यापाऱ्याला लिहून दिलेला कागद, मे महिन्यात न केलेली तपासणी. सांगायला फार वेळ लागला नाही.

"तेव्हाच कळलं होतं तुला?"

"हो."

"आणि त्या दिवशी, ती मुलगी समोर बसली होती तेव्हा?"

"तेव्हा शंका आली होती. घरी गेल्यावर खात्री झाली."

"आणि मी फोन करून माझ्या चुका सांगत होते."

बाई रागावल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी वही मिटली आणि चष्मा काढून पुसत बसल्या.

"परत किती मिळेल?" त्यांनी शेवटी विचारलं.

दोन महिने मी दुसरं काम घेतलं नाही. गाठोडी एकेक करून सोडवत बसलो, जिथं तुटलं होतं त्याच्या पलीकडे काही हाताला लागतंय का बघत. साधारण तिसरा हिस्सा हाती आला. म्हाताऱ्याच्या दुसऱ्या आणि तिसऱ्या दुपारचं काहीच नाही.

मग बाई मला पाड्यावर घेऊन गेल्या. रिक्षात त्या एवढंच म्हणाल्या, "तू सांगायचंस. मी नाही सांगणार."

मुलगी अंगणात भाताच्या पेंढ्या रचत होती. मी उभ्यानंच सांगितलं. रॅम वगैरे तिला कळण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हटलं, "यंत्रात खोट आहे हे मला आधीच दिसलं होतं. मी गप्प बसलो. म्हणून तुमच्या वडिलांचा आवाज गेला."

तिनं हातातली पेंढी खाली ठेवली. "दिसलं व्हतं?"

"हो."

ती आत गेली. आम्ही होतो तोवर बाहेर आली नाही. बाईंनी शेजारच्या दोन म्हाताऱ्यांना बोलावून विचारायला सुरुवात केली, वडाखालून पुढे गेलं की कुणाचं घर लागायचं. एकीनं एक नाव सांगितलं, दुसरीनं वेगळंच, आणि दोघी त्यावरून वाद घालू लागल्या. बाईंनी दोन्ही नावं पेन्सिलीनं लिहून घेतली.

बाईंचं काम अजून चालू आहे. कॉम्प्युटरचं आता दुसरं कुणी बघतं, आणि मीही विचारलं नाही कोण ते. मी आजही रॅम तपासतो, पण व्यापाऱ्याला लिहून देणं बंद केलं. मध्ये एकदा अंबरनाथच्या भाजी मार्केटात बाई दिसल्या. आईच्या तब्येतीची त्यांनी चौकशी केली, मी त्यांच्या गुडघ्यांची. पिशवी जड दिसत होती म्हणून मी हात पुढे केला.

"राहू दे," त्या म्हणाल्या. "जवळच जायचंय."

त्यांचं घर तिथून काही जवळ नव्हतं, आणि त्या गेल्या त्या बाजूला रिक्षाही नव्हती. मी कोथिंबीर घेतली आणि स्टेशनकडे वळलो.