कोरडे बोळे

कानात घालायचे बोळे माझ्याइतके चांगले कोणी वळत नसे, हे मी आजही सांगते. फक्त आता सांगताना आवाज चढत नाही.

माझं सासर भंडाऱ्याकडचं, तलावाकाठचं. शेती जेमतेम, म्हणून शिंगाडे काढायला नाहीतर तलावाचं तोंड मोकळं करायला घरचे पुरुष पाण्यात बुडी मारत. बुडी मारायच्या आधी घरच्या बाईने कानात बोळे घालायचे, अशी आमच्यात रीत. पुरुषाने स्वतःच्या हाताने घातलेला बोळा पाणी अडवत नाही, असं म्हणत. कापूस पिंजायचा, मधाच्या पोळ्याचं मेण जवसाच्या तेलात वितळवायचं, त्यात कापूस भिजवून चिमटीत वळायचा. पुरुष वर आला की मान झटकायचा, आणि कानातून थेंब निघाला तर काठावरच्या बाया त्याच्याकडे नाही, त्याच्या बायकोकडे बघायच्या. माझ्या नवऱ्याच्या कानातून कधी थेंब निघाला नाही. सासूबाईंनी माझ्यात एवढा एकच गुण कबूल केला होता, म्हणून मी तो जिवापाड जपला.

कारखान्याचं बांधकाम सुरू झालं तेव्हा आम्ही भिलाईला आलो आणि मजुरांच्या कॅम्पात टिनाच्या खोलीत राहिलो. कारखान्याला पाणी देणाऱ्या तलावावर पंपहाऊस होतं. पाणी ओढणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी लोखंडी जाळी, आणि तिच्यात वेल, शेवाळ, चिंध्या अडकायच्या. ते सगळं बुडी मारून हाताने उपटायचं, हे ह्यांचं काम. तिथे पाणी तीन पुरुष खोल होतं. आमच्या गावात बुडी मारायची ती फार तर दीड पुरुष. हा फरक मी ऐकला होता, पण त्याचा बोळ्याशी काही संबंध असेल असं माझ्या डोक्यातही आलं नाही.

तेव्हा हे ठेकेदाराकडे रोजीवर होते. जो मेडिकल पास होईल त्याला कारखाना पक्कं करणार, असं साहेबाने सांगितलं. पक्की नोकरी म्हणजे कारखान्याच्या वसाहतीत, सेक्टरमध्ये क्वार्टर आणि घरात नळ. मी तर नळाखाली बादली कुठली ठेवायची तेही ठरवून टाकलं होतं.

रोज सकाळी हे माझ्या मांडीवर डोकं टेकून आडवे व्हायचे. आधी उजवा कान मांडीला, डावा वर. डाव्यात बोळा बसला की मी सांगण्याआधीच हे म्हणायचे, "झालं का?" मग कूस बदलायचे.

पंधरा दिवसांत डावा कान दुखायला लागला.

"खाली गेलो का कोणी कानात खिळा ठोकून राहिलं असं वाटते," हे म्हणाले.

"पाणी जात असन," मी म्हटलं. "आता घट्ट बसवतो."

मी जाड बोळा वळला आणि अंगठ्याने दाबून बसवला. दुखणं वाढलं. एका संध्याकाळी बोळ्यावर तांबूस डाग दिसला. मला भीती वाटली की माझं तोंड सुटतं. "गावात कधी झालं नाई, मंग इथंच कावून होते? तुमीच डोकं हलवत असान!" दुसऱ्या दिवशी मी आणखी जाड बोळा केला.

मग पावसाळा सरता सरता दुखणं थांबलं. "आता काई वाटत नाई," हे म्हणाले. मी सार्वजनिक नळावरच्या रांगेत आठ दिवस फुशारकी मारत होते.

दोन महिन्यांनी मेडिकलचं बोलावणं आलं. मी हट्टाने सोबत गेले आणि दवाखान्याच्या दाराशी उभी राहिले. डॉक्टर ह्यांच्या मागे उभे राहून एकेक कान झाकायला सांगत आणि हळू आवाजात शब्द बोलत. उजव्या कानाने ऐकलेलं ह्यांनी धडाधड सांगितलं. मग उजवा झाकला. डॉक्टर म्हणाले, "पानी." मला दारातून ऐकू आलं. पुन्हा म्हणाले, "पानी." हे मान खाली घालून प्रश्नाची वाट बघत बसलेले. मी ओठ हलवून सांगू पाहिलं, पण ह्यांनी वर बघितलंच नाही.

डॉक्टरांनी बॅटरीने कान तपासला आणि विचारलं, "कान में क्या डालते हो?" मी पुढे होऊन पदराच्या गाठीतला जास्तीचा बोळा काढून दाखवला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. डॉक्टर रागावले नाहीत, त्यांनी समजावून सांगितलं. खोल पाण्यात बोळ्यामागे हवा कोंडते, पडद्यावर दोन्ही बाजूंनी सारखा दाब राहत नाही, आणि पडदा फाटतो. खाली जाताना कान उघडे ठेवायचे, नाक चिमटीत धरून कानात वारा भरायचा. कोरडा करायचा तो वर आल्यावर, फडक्याने.

"साहब, मैं तो दो महीने से नहीं डालता," हे म्हणाले.

मला पाठीशी घालतायत, असंच मला वाटलं. कागदावर पाण्यातल्या कामाला अयोग्य असं लिहून मिळालं. पक्की नोकरी गेली.

घरी येऊन मी ह्यांची पिशवी उपडी केली. तंबाखूच्या डबीत बोळे सापडले, माझेच, माझ्या अंगठ्याने चपटे झालेले. सगळे कोरडे. पंपहाऊसवर आलेल्या एका रशियन इंजिनिअरने दुभाष्याकडून ह्यांना बोळे काढायला सांगितलं होतं आणि नाक धरून दाखवलं होतं. तेव्हापासून हे रोज माझ्याकडून बोळे घालून घ्यायचे आणि तलावावर जाऊन काढून ठेवायचे. डावा कान त्याआधीच गेला होता.

"मले सांगितलं कावून नाई?"

"तुले वाटलं असतं, का तूच केलं."

"मंग कोणी केलं?"

मला ह्यांचा संताप आला, सासूबाईंचा आला आणि सगळ्यात जास्त माझ्या अंगठ्याचा.

दुसऱ्या दिवसापासून हे मुरूम उचलायला जाणार होते, पाण्यात नाही. तरी सकाळी येऊन माझ्या मांडीवर डोकं टेकून आडवे झाले, उजवा कान मांडीला, डावा वर. सवयीने की माझ्यासाठी, कोण जाणे. माझ्या हातात काही नव्हतं. मी पदर तोंडात कोंबला, तरी हुंदका फुटलाच, चांगला मोठ्याने.

"झालं का?" ह्यांनी विचारलं.

"झालं," मी म्हटलं.

कूस न बदलता ह्यांनी पुन्हा विचारलं, "झालं का?"