थेल्माचा बुडालेला बाप

हेल्मबरीत थेल्मा गिटिन्सला ओळखत नाही असा माणूस शोधायचा तर गावाबाहेरच जावं लागलं असतं. उभं आयुष्य तिने शाळेच्या स्वयंपाकघरात काढलं होतं. आज बँकेत बसणारा साहेब असो की चौकातला खाटीक, प्रत्येकाच्या ताटात तिने कधी ना कधी पळीभर कस्टर्ड जास्तीचं वाढलेलं, नाहीतर कोबी टाकला म्हणून कान पिळलेला. नवरा केन गेला, मुलगी लग्न करून कॅनडात गेली आणि शाळेनेही निरोपाचा केक कापून मोकळं केलं, तेव्हा घरात घड्याळाची टिकटिक तेवढी उरली. पाहुण्यांना गाव दाखवणाऱ्या मंडळींनी त्याच सुमारास तिला विचारलं, आमच्यात येतेस का?

"मला राजे-राण्या येत नाहीत," थेल्मा म्हणाली. "किल्ला कोणी बांधला तेही धड ठाऊक नाही. मला पब येतात."

ते कसे येतात हे सांगायची गरज नव्हती. तिचा बाप रेज हॉचकिस गावातल्या बिअरच्या कारखान्याचा गाडीवान होता. टेकडीवरच्या कारखान्याच्या फाटकातून त्याची घोडागाडी निघायची आणि एकेका पबाच्या तळघरात पिंपं उतरवत खाली नदीच्या पुलापर्यंत यायची. शाळेला सुट्टी असली की तो थेल्माला शेजारी बसवून घ्यायचा. बेल, प्लाऊ, ब्लॅक स्वान, थ्री टन्स आणि शेवटी पुलाच्या तोंडाशी ऑटर. इतर पोरांना पाढे यावेत तसा हा क्रम तिला यायचा. शनिवारी दुपारी पाहुण्यांना घेऊन ती निघायची, तीही याच क्रमाने.

बेलमध्ये ती निवडणुकीतल्या मारामारीची गोष्ट सांगे, प्लाऊमध्ये पैजेवर विकल्या गेलेल्या बायकोची. ब्लॅक स्वानमधलं भूत तिला स्वतःला पटत नसे, पण लोक त्यासाठीच येतात म्हणून सांगे. ऑटरमध्ये मात्र ती भिंतीला टेकून उभी राहायची आणि आवाज खाली आणायची. तिथे ती आपल्या बापाची गोष्ट सांगायची.

ती नऊ वर्षांची असताना डिसेंबरात नदीला मोठा पूर आला होता. रेजने ऑटरला शेवटचं पिंप उतरवलं, गाडी परत नेऊन घोडा बांधला आणि पुलापलीकडच्या घरी यायला पायी निघाला. तो पोहोचलाच नाही. सकाळी त्याची टोपी पुलाच्या कठड्यावर सापडली. माणूस कधीच सापडला नाही. गोष्ट इथवर आली की ऑटरचा मालक क्लाइव्ह बेडोज ग्लास पुसायचा थांबे आणि कोपऱ्यातली म्हातारी मंडळी माना खाली घालून आपापल्या ग्लासात बघत बसत. दर डिसेंबरात हीच मंडळी पुलावर जाऊन रेजच्या नावाने एक भरलेला ग्लास नदीत ओतत. गाव आजही आपल्या बापाला विसरलं नाही, या विचाराने थेल्माचा ऊर दरवेळी भरून येई.

नोव्हेंबरातल्या एका शनिवारी दहा-बारा माणसं जमली होती. त्यात पन्नाशीची एक बाई एकटीच आलेली. करड्या रंगाचा रेनकोट, आखूड केस. नाव लॉरेन ब्लँचर्ड. बेलमध्ये सगळ्यांनी बिअर घेतली, हिने लिंबाचं सरबत.

"पबांच्या फेरीला येऊन सरबत?" थेल्माने चिडवलं. "क्लाइव्हच्या कानावर गेलं तर तो तुम्हाला दारातून आत घेणार नाही."

"आमच्या घरात कोणी पीत नाही," लॉरेन म्हणाली. "वडिलांना चालायचं नाही."

प्लाऊमधून बाहेर पडल्यावर थेल्मा म्हणाली, "चला, आता पुढचं ठिकाण." त्याच क्षणी ती बाई स्वतःशीच पुटपुटल्यासारखी म्हणाली, "ब्लॅक स्वान."

"आधी येऊन गेला आहात वाटतं?"

"नाही, पहिल्यांदाच."

माहिती वाचून आली असेल, असं समजून थेल्माने ते सोडून दिलं. पण ब्लॅक स्वानहून उतारावर निघाल्यावर ती बाई चष्म्यांच्या दुकानासमोर थबकली. वरपासून खालपर्यंत ते दुकान न्याहाळून म्हणाली, "इथे वूलपॅक असायला हवं होतं. ब्लॅक स्वाननंतर वूलपॅक, मग थ्री टन्स."

थेल्माही थांबली. वूलपॅक खरोखर तिथेच होतं, पण थेल्मा बापाशेजारी गाडीवर बसू लागण्याआधीच ते बंद पडलं होतं. फेरीत ती त्याचं नावही घेत नसे. दाखवायला उरलंच काय होतं?

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

"माझे वडील म्हणायचे. आम्ही ग्रिम्स्बीचे, मासळी-बंदराच्या गोदीवरचे. गेल्या वर्षी वारले ते. शेवटचे काही महिने माणसं ओळखेनासे झाले होते, पण ही नावं म्हणत पडून राहायचे. बेल, प्लाऊ, ब्लॅक स्वान, वूलपॅक... जपमाळ ओढावी तशी. हे कुठलं गाव असेल, आम्हाला कळेना. मग एक दिवस मी सगळी नावं कॉम्प्युटरवर टाकली, तर तुमची फेरी निघाली."

थेल्माला इतका आनंद झाला की तिने त्या बाईचा हातच धरला. "म्हणजे ते इथे कामाला असणार. कारखान्यातच असतील. माझ्या बाबांना नक्की ओळखत असतील. ऑटरमध्ये चला, तिथे विल्फकाका भेटतील. ते बाबांबरोबर गाडीवर होते. तुमच्या वडिलांचं नाव काय म्हणालात?"

"जॉर्ज. जॉर्ज ब्लँचर्ड."

हे नाव थेल्माने कधी ऐकलं नव्हतं. पण विल्फकाकांना आठवेल, असं म्हणत ती झपाझप पुढे निघाली. थ्री टन्समध्ये त्या दिवशी तिने गोष्ट निम्मीच सांगितली.

ऑटरमध्ये शेकोटी पेटली होती. विल्फ प्रीस आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात बसला होता. नव्वदीला टेकलेला, एका कानाने बहिरा, पण नजर अजून शाबूत. थेल्मा भिंतीला टेकली आणि बापाची गोष्ट सांगू लागली. पूर, कठड्यावरची टोपी, पुलावर कंदील घेऊन शोधणारी माणसं. लॉरेन मात्र ऐकत नव्हती. भिंतीवर डार्ट खेळणाऱ्या संघाचा जुना फोटो होता, त्याच्यासमोर ती उभी होती. गोष्ट संपली, तेव्हा तिने फोटोवर बोट ठेवलं.

"हे कोण? डाव्या बाजूचे."

"हेच की माझे बाबा. रेज हॉचकिस."

"नाही," लॉरेन म्हणाली. तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. "हे माझे वडील आहेत."

गंमत चालली आहे असं वाटून पाहुण्यांपैकी एक जण हसला. लॉरेनने फोन काढून समोर धरला. त्यावरच्या फोटोत बागेतल्या खुर्चीत एक म्हातारा बसला होता, पुढ्यात केक, त्यावर नव्वदचा आकडा. घोड्याच्या लाथेने भुवई मधोमध तुटली होती, तिथे केस कधी उगवलेच नव्हते. तीच भुवई भिंतीवरच्या फोटोत होती. थेल्मा लहानपणी त्यावर बोट फिरवायची.

तिने फोन हातात घेतला आणि परत दिला. नंतर क्लाइव्हने बऱ्याच जणांना सांगितलं की, ती किंचाळेल किंवा पडेल असं त्याला वाटलं होतं, म्हणून तो खुर्ची आणायला धावला. तसं काहीच झालं नाही. थेल्मा पाहुण्यांकडे वळली आणि रोजच्या आवाजात म्हणाली, "इथे आपली फेरी संपली. आलात, बरं वाटलं. जाताना दारातली पायरी सांभाळा." माणसं चुळबुळत बाहेर पडली. आपण काय बोललो हे तिला पुढे आठवतही नव्हतं.

मग तिने विल्फकडे पाहिलं. विल्फ मान खाली घालून ग्लासात बघत होता. इतकी वर्षं बघायचा अगदी तसाच. शेजारचे दोघेही तसेच. एकाच्याही चेहऱ्यावर नवल नव्हतं.

बाप जिवंत होता हे कळलं तेव्हा ती उभीच राहिली होती. आता मात्र ती बाकावर बसली.

"विल्फकाका," ती म्हणाली, "तुम्हाला माहीत होतं."

म्हाताऱ्याने ग्लास बाजूला सरकवला. "पोरी, ती टोपी मीच ठेवली कठड्यावर."

"काय?"

"रेज पहाटेच्या आगगाडीने गेला. आदल्या दिवशी मला एवढंच म्हणाला, 'विल्फ, मला इथे श्वास घेता येत नाही.' मला वाटलं, पूर आलाय, दमलाय, बोलतोय काहीतरी. सकाळी तुझ्या आईकडे गेलो तर ती चुलीपुढे बसलेली. त्याची टोपी तिने माझ्या हातात दिली. म्हणाली, नदीने नेला म्हणून सांग. नवऱ्याने टाकलेली म्हणून मी या गावात तोंड दाखवणार नाही. विधवा म्हणून राहीन, पोरीलाही ताठ मानेने वाढवीन. मी काय करणार होतो?"

"आणि हे सगळे?" तिने बाकीच्यांकडे हात केला.

"हळूहळू कळलंच सगळ्यांना. स्टेशनवरच्या पोर्टरने त्याला पाहिलं होतं. पण तुझ्या आईसमोर कोण बोलणार? आणि मग तुझ्यासमोर कोण बोलणार?"

"तुम्ही दरवर्षी नदीत बिअर ओतता."

"पहिल्या वर्षी तुझी आई पुलावर आली होती, म्हणून ओतली. नंतर थांबवायची कशी ते कळेना."

एरवी या उत्तराला अख्खा पब हसला असता. थेल्माला वाटलं, आपण दर शनिवारी परक्यांना आणून या माणसांपुढे उभं राहून त्यांनीच रचलेली गोष्ट त्यांनाच ऐकवत होतो. तिचे कान तापले. बापाचं दुःख तिला अजून कुठे सापडतच नव्हतं. नुसती लाज वाटत होती, आणि ती कोणाची लाज, तेही कळत नव्हतं.

लॉरेन अजून फोटोपाशीच होती, चोरी करताना सापडल्यासारखी. "मला हे ठाऊक असतं तर मी आले नसते," ती म्हणाली. "खरंच सांगते. आमच्या आईलाही माहीत नव्हतं. त्यांची भेट पुढे कितीतरी वर्षांनी झाली, गोदीवरच्या खानावळीत. आधीचं विचारलं की ते उठून बाहेर जायचे. ब्लँचर्ड हे नाव त्यांचं स्वतःचं नव्हतं, हेही मला आत्ताच कळतंय."

"बसा," थेल्मा म्हणाली. तिला दुसरं काही सुचेना.

लॉरेन बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "एक विचारू? त्या नावांच्या शेवटी ते दरवेळी म्हणायचे, 'सांभाळून उतर, माझ्या खांद्याला धर.' पलंगावर पडल्या पडल्या हात असा पुढे करायचे. कोणाला म्हणत असतील?"

ऑटरच्या दारात गाडी थांबली की रेज खाली उडी मारायचा, खांदा पुढे करायचा आणि उंच बाकावरून पोरीला उतरवून घ्यायचा. थेल्माने, कोणाचा खांदा धरावा तसा, आपला हात पुढे केला. क्लाइव्हने न विचारता ब्रँडी आणून ठेवली. लॉरेनने ग्लास उचलून थेल्माच्या हातात दिला. तिला सगळं समजलं असावं, कारण तिने पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी थेल्मा वृद्धाश्रमात आईकडे गेली. आयव्ही हॉचकिस नव्वदी ओलांडून गेलेली, पण डोकं लख्ख. थेल्माने कोटही काढला नाही.

"आई, बाबा बुडाले नव्हते."

आयव्ही खिडकीबाहेर बघत म्हणाली, "विल्फने तोंड उघडलं वाटतं."

"विल्फने नाही. बाबांच्या मुलीने."

म्हातारीचा हात चहाच्या बशीवर थांबला. दुसरी मुलगी असेल हे मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. थेल्माने आईला इतकं हललेलं कधी पाहिलं नव्हतं.

"गेला?" आयव्हीने विचारलं.

"गेल्या वर्षी."

"म्हणजे मी आत्ता कुठे विधवा झाले," ती म्हणाली आणि तिने चहाची बशी बाजूला सारली. थेल्माला ओरडायचं होतं, भांडायचं होतं. माझं अख्खं आयुष्य मी त्या नदीकडे बघत काढलं, हे सांगायचं होतं. पण समोर बसलेल्या बाईने तर त्याहून जास्त काळ तोंड मिटून काढला होता. ती शेवटी कोट न काढताच घरी आली.

त्या हिवाळ्यात फेरी निघाली नाही. रस्त्यात विल्फ दिसला की ती पलीकडे जाई. केकचा डबा दारात ठेवून जाणाऱ्यांचे केक ती तसेच पक्ष्यांना घाली. गावाला हे झोंबलं, पण कोणी काही म्हणालं नाही. गप्प बसायची सवय गावाला होतीच. बोलणं चालू राहिलं ते एकट्या लॉरेनशी, फोनवर, दर रविवारी. सुरुवातीला दोघी हवापाण्याचंच बोलत. मग हळूहळू एकमेकींना बाप सांगू लागल्या. थेल्माकडे नऊ वर्षांचा बाप होता, लॉरेनकडे पन्नास वर्षांचा. थेल्माला हेवा वाटे आणि लॉरेनला त्याची जाणीव असे. तो ग्रिम्स्बीत कधी कुठल्या पबात शिरला नाही, हे ऐकून थेल्मा त्या रात्री जेवलीच नाही.

एप्रिलमध्ये लॉरेन पुन्हा आली. थेल्मा तिला आईकडे घेऊन गेली. न्यावं की नको, यावर तिने पुष्कळ विचार केला होता, पण नाही नेलं तर तेही आणखी एक झाकपाकच झालं असतं. आयव्हीने त्यासाठी केस सेट करून घेतले होते.

तिने लॉरेनला खिडकीजवळ, उजेडात बसवलं आणि दुकानात कापड बघावं तसं बघितलं.

"कान त्याचे आहेत," ती म्हणाली. "शेवटी तुमच्यापाशीच होता ना? कुठे निघून नाही ना गेला?"

"नाही. आमच्यापाशीच होते."

"त्रास झाला?"

"फारसा नाही. झोपेतच गेले."

आयव्हीने मान हलवली. मग थेल्माकडे वळून म्हणाली, "अगं, बघत काय बसलीस, हिला चहा विचार. इतक्या लांबून आलीय पोरगी."

थेल्मा उठली. चहाच्या खोलीत किटलीपुढे उभी असताना तिला पहिल्यांदा रडू आलं. एका आयाने आत डोकावून पाहिलं आणि हळूच दार ओढून घेतलं. बाहेरून आईचा आवाज येत होता, ती लॉरेनला विचारत होती की ग्रिम्स्बीला मासे खरंच इतके ताजे मिळतात का.