वाकड्या लाकडाचं वाक्य

शाळेत त्यांना सगळे पुन्हाबाई म्हणत. तोंडावर नाही, पण बाईंना ते ठाऊक होतं आणि खोटं कशाला सांगा, आवडतही होतं. कुणी वाक्य पुटपुटलं की पुन्हा. कुणी बोलता बोलता प्रेक्षकांकडे पाठ केली की पुन्हा. शिपायाने मध्येच दार आपटलं तरी पुन्हा. या एका शब्दाच्या जोरावर त्यांनी एकवीस वर्षं मुलांना नाटक शिकवलं. म्हणजे वेळापत्रकात ‘कला’ नावाचा जो अर्धा तास होता तो शिकवला, आणि परीक्षा जवळ आल्या की तोही गणिताचे सर हातोहात लांबवायचे. “तुमचं काय बाई, तुमची मुलं काय कुठेही नाचतील,” असं म्हणत सर खडू घेऊन वर्गात शिरायचे. बाई मनातल्या मनात त्यांना पुढच्या नाटकात गाढवाचं काम देऊन टाकायच्या.

बाई विद्यापीठातून रीतसर नाट्यशास्त्र शिकलेल्या. त्यांच्या वर्गातले दोघे पुढे पडद्यावर दिसायला लागले, एकजण जाहिरातीत टूथपेस्ट हातात धरून हसायला लागला, आणि बाई शाळेत आल्या. दोन वर्षांपुरत्या म्हणून. धाकटा भाऊ अधूनमधून विचारायचा, “अजून तिथेच का गं?” त्यावर त्या म्हणायच्या, “अजून मुलं पुटपुटतात रे.” तालमीची खोली म्हणजे प्रयोगशाळेची जुनी अडगळ. भिंतीला कोरडे नळ, लांबलचक ओटा, त्यावर पाय हलवत बसलेली मुलं. खिडकी उघडली तर खालच्या सायकलवाल्याची ठोकठोक, आणि बंद केली तर जीव गुदमरायचा. बाईंनी ठोकठोक पसंत केली. तिच्यावर मात करून बोलता आलं तर सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल, असा त्यांचा हिशेब.

या खोलीत त्यांनी एक रीत घालून दिली होती. वर्षाच्या सुरुवातीला ‘चिठ्ठ्यांचा तास’ व्हायचा. घरात ऐकलेलं आणि डोक्यातून जात नसलेलं एक वाक्य प्रत्येकाने कागदावर लिहायचं, नाव घालायचं नाही, घडी करून बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. मग डबा फिरवायचा. हाताला येईल ते वाक्य मोठ्याने म्हणायचं. स्वतःचंच आलं तर गुपचूप परत टाकायचं. या वाक्यांतूनच वर्षाचं नाटक उभं राहायचं. नियम दोन, आणि दोन्ही कडक. आपलं वाक्य आपण म्हणायचं नाही. खोलीतलं खोलीबाहेर न्यायचं नाही.

तिसरा नियम बाईंचा स्वतःपुरता होता. रंगमंचावर नेण्याआधी प्रत्येक वाक्याचे कपडे बदलायचे. मामाचा काका करायचा, दारूच्या जागी पत्ते आणायचे, रिक्षावाल्याला टपालवाला करायचं. ज्याच्या घरचं वाक्य, त्याच्याच घरच्यांनी पहिल्या रांगेत बसून ऐकलं तरी त्यांना ओळखू येता कामा नये. एकवीस वर्षांत बाई यात कधी चुकल्या नव्हत्या. या वर्षी चुकल्या, आणि तेही समजून उमजून.

चिठ्ठीवर लिहिलं होतं: लाकूड वाकडं निघालं तर दुकानदार बदलून देतो. तू वाकडी निघालीस, तुला कुठून बदलून आणू?

अक्षर पाहताच बाईंनी ओळखलं. हे सुताराच्या धाकटीचं. आठवीतली मुलगी, बोलणं चिमूटभर, पण कुणी कसं बोलतं हे टिपण्यात तिचा हात धरणारं वर्गात कुणी नव्हतं. बाईंनी वाक्य बदलून पाहिलं. बापाला शिंपी केलं. कापड विटकं निघालं तर... छे. भाजीवाला केलं, तर त्यांचं त्यांनाच हसू आलं. वाक्य जिथे लागत होतं ती जागा लाकडातच होती. असं वाक्य बसून लिहायला गेलं तर जन्मात सुचत नाही, हे बाईंना पक्कं ठाऊक होतं. त्यांच्या तोंडाला पाणी सुटलं; याला दुसरा शब्द नाही. पालकसभेला नेहमी आई येते, वडील शाळेची पायरी चढत नाहीत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि वाक्य जसंच्या तसं ठेवलं. तिसऱ्या प्रवेशात, बापाच्या तोंडी.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारी चारला सभागृह गच्च भरलं. बाई पडद्याच्या फटीतून गर्दीचा अंदाज घेत होत्या. दुसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, एक माणूस ताठ बसला होता; चेहरा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला, पण बाईंना ओळख पटेना. अंगात घडीचा शर्ट. कानामागे पेन्सिल नव्हती, पण हात सवयीने दोनदा तिकडे जाऊन आला.

“ते कोण गं?” बाईंनी विचारलं.

सुताराची धाकटी शेजारीच उभी होती. तिला नाटकात आईचं काम होतं. केसांना पावडर लावून ती वेळेआधीच म्हातारी झाली होती. “माझे बाबा,” ती म्हणाली.

“ते तर येत नाहीत ना कधी?”

“मी बोलावलं.”

बाई पुढे काही बोलणार तोच तिसरी घंटा झाली आणि पोरगी रंगमंचावर आपल्या जागी जाऊन बसली.

या माणसाची थोरली मुलगीही याच शाळेत होती. तीन वर्षांपूर्वी फाटकापाशी तो तिच्यावर खेकसला, आणि ती चारचौघांत एवढंच म्हणाली, “बाबा, इथे ओरडू नका ना.” दुसऱ्या दिवसापासून थोरली शाळेत आली नाही. बाई दोनदा त्यांच्या घरी गेल्या. दोन्ही वेळा दार वीतभर उघडलं आणि “तिचं शिक्षण झालं” असं सांगून बंद झालं. ती मुलगी आता एका कारखान्यात खोकी बांधते. रस्त्यात भेटली की बाईंकडे बघून हसते, आणि ते हसणं बाईंना दिवसभर पुरतं. एका साध्या वाक्यापायी थोरली गेली. आता तीनशे माणसांसमोर त्याचंच वाक्य त्याच्या तोंडावर म्हटलं जाणार होतं, आणि ते घराबाहेर कुणी नेलं हे त्याला कळायला सेकंदही लागणार नव्हता. धाकटीही उद्यापासून गेली म्हणून समजा.

पहिला प्रवेश सुरू झाला. लोक हसत होते. बाईंना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. आपण एका बऱ्या वाक्याच्या हव्यासापायी पोरीला विहिरीच्या काठावर नेऊन उभं केलं, एवढंच डोक्यात घणघणत होतं.

दुसरा प्रवेश संपून अंधार झाला तशी त्यांनी उंचीला गाठलं. उंची म्हणजे वर्गातली सगळ्यात उंच मुलगी. कोळशाने मिशी काढून ती बापाचं काम करत होती.

“लाकडाचं वाक्य गाळायचं,” बाई तिच्या कानात म्हणाल्या. “नुसतं ‘जा आत’ म्हण.”

“पण बाई, त्याच्यावरच तर पुढचं सगळं...”

“गाळायचं म्हणजे गाळायचं!”

उंचीने डोळे विस्फारून पाहिलं. प्रयोग चालू असताना नाटकाला हात लावणाऱ्याची बाई सालटी काढत, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. दिवा लागला आणि ती मुकाट्याने रंगमंचावर गेली. धाकटीला काही सांगायला वेळच उरला नाही.

तिसऱ्या प्रवेशात मुलगी नापास होऊन घरी येते, बाप तिला फैलावर घेतो आणि आई कोपऱ्यात कपड्यांच्या घड्या घालत राहते. आईला या प्रवेशात एकही वाक्य नाही. उंचीने टेबलावर मूठ आपटली, चार ओळी गरजली आणि वाक्याच्या जागेपाशी येऊन थबकली.

“जा आत,” ती म्हणाली.

मुलीचं काम करणारी हललीच नाही. तिला वाक्य हवं होतं. ती वाट बघत राहिली. पंखे घरघरत होते. विंगेत उभ्या बाईंच्या मनात आलं, सुटलो एकदाचे.

तेवढ्यात धाकटीने एकवार विंगेतल्या बाईंकडे पाहिलं आणि हातातली घडी खाली ठेवली.

“जा आत काय?” ती उंचीला म्हणाली. “रोज म्हणता ते म्हणा की. आज लोक बसलेत म्हणून लाज वाटते?”

उंचीच्या तोंडचं पाणी पळालं. नाटकात असं काही नव्हतंच. धाकटी उठली, दोन पावलं पुढे आली, आणि तिने ते वाक्य म्हटलं. ओरडली नाही. ‘लाकूड’ म्हणून थांबली, जीभ टाळ्याला लावून चुक् केलं, आणि मग बाकीचं सावकाश, दमलेल्या माणसाच्या आवाजात. इतक्या तालमी झाल्या, पण ते वाक्य असं बाईंनी कधी ऐकलं नव्हतं. मागे कुणीतरी हसायला लागलं आणि अर्ध्यातच थांबलं.

बाईंनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. सुताराचे दोन्ही हात गुडघ्यांवर होते. तो हलत नव्हता.

नाटक कसंबसं शेवटाला गेलं. टाळ्या झाल्या, खूप झाल्या. बाईंना त्या टाळ्यांची भीती वाटली. पडदा पडला आणि बाजूच्या तीन पायऱ्या चढून सुतार सरळ आत आला. बाई पुढे झाल्या. धाकटी त्यांच्या मागे उभी होती. पावडर घामाने कपाळावर उतरली होती.

“ते लाकडाचं कुणी लिहिलं?” त्याने विचारलं. आवाज खालचाच होता.

“मी,” बाई म्हणाल्या. “नाटक मीच लिहिते.”

“तुम्हाला ते कुठून कळलं?”

“माझे वडील म्हणायचे. मला.”

बाईंचे वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. पायाखाली मुंगी दिसली तर वाट सोडून चालणारा माणूस. मुलीने नाटक शिकायचं म्हटल्यावर सगळं घर उलटलं, तेव्हा एकट्याने तिची पेटी उचलून गाडीत ठेवली होती. त्यांना जाऊन नऊ वर्षं झाली, आणि आज त्यांच्या मुलीने एका दमात त्यांना दुष्ट करून टाकलं. पण शब्द मागे घ्यायला त्या तयार नव्हत्या.

“सुतार होते ते?” त्याने विचारलं.

“हो.”

“काय काम करायचे?”

“दारं. खिडक्या.”

“लाकूड कुठलं?”

बाईंना लाकडाचं एकच नाव आठवलं. “सागवान,” त्या म्हणाल्या.

तो थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. “सागवान असं वाकत नाही, बाई.”

जन्मभर मुलांना खोटं खऱ्यासारखं बोलायला शिकवलं, आणि गरजेच्या वेळी बाई दोन प्रश्नांत उताण्या पडल्या. त्या काहीतरी सावरायला गेल्या, पण मागून धाकटी त्यांच्यापुढे आली.

“राहू द्या, बाई,” ती म्हणाली. मग वडिलांकडे वळली. “चिठ्ठी मी लिहिली, बाबा. बाईंनी ते वाक्य काढून टाकलं होतं. मी तरी म्हटलं.”

“चूक माझी आहे,” बाई घाईघाईने म्हणाल्या. “मी ते बदलायला हवं होतं. हिला काही बोलू नका. हवं तर मोठ्या सरांकडे माझी तक्रार करा, मी सही करून देते.”

त्याचं बाईंकडे लक्षच नव्हतं. “रागाच्या भरात माणूस बोलतो एखाद्या वेळी,” तो मुलीला म्हणाला. “मी काय रोज म्हणतो?”

“नऊ वेळा म्हटलंय.”

“मोजलंस?”

“मोजलं नाही. लक्षात राहतं.”

पडद्यापलीकडे खुर्च्या सरकत होत्या. उंची मिशी पुसायची विसरून आ वासून उभी होती. सुताराचा जबडा आवळलेला बाईंना दिसला, आणि फाटकापाशी थोरलीवर ओरडणारा तोच चेहरा त्यांना आठवला. त्यांनी पोरीच्या खांद्यावर हात ठेवला.

“एवढ्या लोकांत माझी शोभा केलीस,” तो म्हणाला.

“लोकांना काय माहीत ते तुमचं आहे? तुम्हाला आणि मलाच माहीत.” तिचा आवाज चिरकला, पण ती थांबली नाही. “मला कुठून बदलून आणायचं ते मलाही माहीत नाही, बाबा. तुम्ही म्हणता ना, मग आता म्हणा. मी समोर उभी आहे. म्हणा.”

त्याने तोंड उघडलं. जीभ टाळ्याला लागली. ते चुक् ऐकू आलं. पुढे काहीच आलं नाही. तो पावडर ओघळलेल्या त्या चेहऱ्याकडे बघत उभा राहिला, आणि त्याची हनुवटी हलायला लागली तशी त्याने मान वळवली. मग त्याने घसा खाकरला आणि बाईंना विचारलं,

“उद्या शाळा कितीला?”

बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

“सात वीसला,” धाकटी म्हणाली. “आणि सोडायला येऊ नका. माझी मी येते.”