रुहीनं तीनदा लिहिलेलं वाक्य

आधीच सांगून ठेवतो, मी असल्या गोष्टींची टिंगल करणारा माणूस. बारामतीला हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवलंय. दुसऱ्याच्या गाडीला बांधलेलं लिंबू सोडून त्याचं सरबत प्यायलोय... त्यामुळे हे लिहायला बसताना माझं मलाच हसू येतंय. पण घडलं ते घडलं.

रिटायर झाल्यावर मी आणि माझी बायको मंगल पळसदेवजवळ आमच्या शेतात राहायला आलो. घरामागं दीड एकर ऊस, त्याच्या पलीकडं बांध आणि बांधापलीकडं पेरूची बाग. वस्तीवरची चार-पाच पोरं आमच्या मागच्या ओट्यावर येतात, मला आबा आणि मंगलला आजी म्हणतात. पहिली-दुसरीतली. त्यांच्याकडून मी साधी वाक्यं लिहून घेतो, रोज तीन. नियम एकच – आज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं तेच लिहायचं. नाहीतर पोरं गाईडमधलं ‘गाय उपयुक्त प्राणी आहे’ उतरवतात आणि दारातली गाय काय करतेय ते बघतच नाहीत. एका पठ्ठ्यानं ‘आमच्या घरी विमान आहे’ लिहिलं होतं. त्यावर लाल फुली मारली तर दोन दिवस आलाच नाही.

त्यांच्यात रुही होती. शेजारच्या दत्तूची मुलगी, सहा वर्षांची. अक्षरं यायची, पण काना-मात्रा लावून शब्द जुळवायचा म्हटलं की गाडी अडायची. वाक्य तर लांबच. दोन महिने मी डोकं फोडलं तिच्यापुढं. एकदा रागाच्या भरात “दगड आहेस नुसती” असंही बोलून गेलो. मंगल आतून बाहेर आली, माझ्याकडं न बघता तिला जवळ घेऊन बसली आणि तिचा हात धरून गिरवून घेतलं. मग तेच रोजचं झालं.

मार्चमधली गोष्ट. सकाळची शाळा सुरू झालेली, त्यामुळे पोरं दुपारी चारलाच आली होती. त्या आठवड्यात शेतीची लाईट दिवसा होती. संकष्टीचा उपास असूनही मंगल मोटर चालू करून बागेच्या पाण्याचे व्हॉल्व्ह फिरवायला गेली. मी जाऊ का, असं विचारलं नाही. ते तिचंच काम, असं ठरूनच गेलेलं.

अर्ध्या तासानं रुहीनं वही पुढं केली. दुरेघी वहीत, सरळ ओळीत, काना-वेलांटी-अनुस्वारासकट लिहिलं होतं – ‘आजी बांधावर पडली.’

मला आधी शंका आली ती शेजारी बसलेल्या पोराचं बघून उतरवल्याची. पण ते बिचारं अजून पहिल्याच वाक्यावर होतं. पोरं आल्यापासून कुणी ओट्यावरून उठलेलं नाही, मधे पुरुषभर उंच ऊस. म्हणजे हे पाहिलेलं नाही! मी फुली मारली आणि दुसरं लिही म्हटलं.

तिनं खाली तेच लिहिलं. मी परत फुली मारली, आवाजही चढवला. तिसऱ्यांदा तिनं पेन्सिल इतकी दाबली की कागद फाटला.

“खोटं का लिहितेस गं?”

“न्हाय आबा, पायलंय मी.”

“कुठनं?”

“हितनंच.”

आता खरं सांगतो... मी उठलो ते मंगलच्या काळजीनं नाही. पोरीला खोटं पाडायला उठलो. तिचा हात धरला, म्हटलं चल, आजी कशी ठणठणीत आहे ते दाखवतो तुला.

मंगल बांधावर आडवी होती. घामानं भिजलेली, डोळे उघडे, ओठ हलत होते पण आवाज नाही. उपाशीपोटी मधुमेहाची गोळी घेतली होती तिनं. उपासाला अन्न चालत नाही, औषध चालतं, हे आमच्याकडचं शास्त्र! मी तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलो. रुहीनं पळत जाऊन बापाला आणलं, आणि दत्तूनं पिकअपमधून आम्हाला भिगवणला पोचवलं. डॉक्टर म्हणाले, साखर फार खाली गेली होती, अजून अर्धा तास गेला असता तर हाती काही लागलं नसतं.

मंगल वाचली. दुसऱ्या दिवशी मी रुहीला वही दिली आणि तेच वाक्य लिहायला सांगितलं. तिला ‘आजी’सुद्धा धड जमेना. ‘अज’ लिहून माझ्या तोंडाकडं बघत बसली. काल काय लिहिलंस ते आठवतं का विचारलं, तर नुसती मान हलवली, नाही. पुढं वाक्य जुळवायला तिला पावसाळा उजाडला.

मी सगळं तपासून पाहिलं. ओट्यावर उभा राहिलो, तिच्या उंचीला वाकलो, दत्तूला बांधावर पाठवून ओरडायला लावलं. मोटर चालू असताना काही ऐकू येत नाही आणि उसातून काही दिसत नाही. वस्तीवरच्या दोन बायका पोरीला प्रश्न विचारायला नारळ घेऊन आल्या, त्यांना मी हाकलून दिलं. पण त्यांना सांगायला माझ्याकडं दुसरं काहीही नव्हतं.

मंगलला विचारायचं धाडस महिन्यानं केलं. ती पेरू निवडत होती. म्हणाली, शुद्ध होती थोडी, आवाज फुटत नव्हता, म्हणून मनातल्या मनात हाका मारत होते.

“मला?” मी विचारलं.

“न्हाय. रुहीला.”

“मी ओट्यावरच होतो की गं.”

तिनं हातातला पेरू पाटीत टाकला. रागानं नव्हे, अगदी सहज म्हणाली, “तुमी कवा आलाय हाकंला?”

त्या वहीचं कोडं मला आजही सुटलेलं नाही. तुमच्यापैकी कुणी सोडवलं तर जरूर कळवा. पण ती मला हाक का मारत नव्हती, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नाही.