एकटीचा फोटो

आमच्या बैठकीत बाबांचा फोटो आहे. चेहरा बाबांचा, बाकी सगळं परक्याचं. बाबा अचानक गेले तेव्हा त्यांचा धड असा एकही फोटो घरात सापडला नाही. म्हणून स्टुडिओवाल्यानं मतदान कार्डावरचा चेहरा मोठा केला आणि त्याच्याकडं तयार असलेल्या एका धडावर बसवून दिला. काळा कोट, लाल टाय. बाबांनी जन्मात सदऱ्या-पायजम्याशिवाय काही अंगाला लावलं नव्हतं. माय रोज सकाळी उदबत्ती लावून फोटोला हात जोडायची, पण कोटावर नजर गेली की डोक्यावरचा पदर पुढं ओढायची. "तोंडाकडं बघावं तर ठीक हाय," म्हणायची, "खाली बघितलं की परका माणूस घरात येऊन बसल्यावानी वाटते बाई." मी हसायचे. तिला हसू येत नसे.

आमचं खेडं हट्टा गावाच्या अलीकडं. मी रोज एसटीनं वसमतला जाऊन पोरांना कॉम्प्युटर शिकवते. बाबा गेल्यावर मी साबणाच्या वडीएवढा एक डिजिटल कॅमेरा घेतला होता. त्यातले फोटो दिवसा पांढरेफटक आणि संध्याकाळी दाणेदार. भिशी लागली तशी नांदेडला जाऊन मी पहिला डीएसएलआर, म्हणजे मोठा कॅमेरा घेतला. सगळ्यात साधं, शिकाऊ माणसाचं मॉडेल, सोबत येते तीच लेन्स. पण माझ्यासाठी काय विचारता! हातात घेतला तर वजन लागलं, डोळ्याला लावला तर बाकीचं जग बाजूला सरलं. बटण अर्धं दाबलं की आत एक लाल ठिपका लागायचा आणि समोरचं सगळं धारदार व्हायचं. पुरतं दाबल्यावर वाजणाऱ्या त्या खटक्याचं तर मला वेडच लागलं. हळदीची पानं, बांधावरचे बगळे, गोठ्यातलं वासरू, काही म्हणून सोडलं नाही. माय म्हणायची, "वासराला तरी दूध पिऊ दे सुखानं."

मग शेजारचे लोक आले. त्यांचा म्हातारा अंथरुणाला लागला होता. "तुझा तो मोठा कॅमेरा हाय ना, आमच्या दादाचा एकट्याचा फोटो काढून दे."

एकट्याचा फोटो म्हणजे काय, ते आमच्याकडं कुणी फोड करून सांगत नाही. लग्नात, बारशात, शेतात सगळे घोळक्यानं फोटो काढतात. पण म्हाताऱ्या माणसाला नवीन टोपी घालून, प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवून, मागं दोघांनी चादर ताणून धरली, की त्या फोटोचं पुढं काय होणार ते सगळ्यांना ठाऊक असतं. खुर्चीवरच्या माणसालाही. म्हाताऱ्यानं माझ्याकडं सरळ बघितलं. मी खटका दाबला. फोटो छापून यायच्या आधी तो गेला.

यात नवल काय? जाणाराच होता, म्हणून तर फोटो काढला. वरच्या आळीतल्या आजीचंही तसंच. तिला दवाखान्यातून घरी पाठवलं होतं. मी फोटो काढला आणि त्याच आठवड्यात तिची तिरडी आमच्या दारावरून गेली. तोवर मला काही वाटलं नाही. पण मग एक निवृत्त गुरुजी स्वतःहून आले. ठणठणीत माणूस, सायकलवर फिरणारा. "माझाही काढून ठेव गं पोरी, पुन्हा पोरांना तकलीफ नको." मी हौसेनं काढला, चांगला लिंबाच्या सावलीत, मागचं सगळं धूसर करून. महिना सरला नाही तर गुरुजी शेतात पाणी देता देता बसले ते उठलेच नाहीत.

झालं! गावाच्या तोंडाला काय कुलूप लावणार? एका बारशाला मी कॅमेरा घेऊन गेले तर लेकराच्या आजीनं त्याच्या तोंडावर पदर टाकला. "तू बस माय, जेव पोटभर. फोटू आमी मोबाईलवर काढतो." डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! मी जेवले नाही. घरी येऊन मायसमोर गावाचा उद्धार केला. अडाणी आहेत, खुळे आहेत, आधी माणूस मरायला टेकते आणि मग तुम्ही फोटो काढता, एवढं साधं कळत नाही? माय लसूण सोलत होती. म्हणाली, "मंग गुरुजीचं काय?"

त्या दुपारी मी तिन्ही फोटो लॅपटॉपवर उघडले. स्वतःलाच दाखवायला, की बघ, फोटोच आहेत नुसते. जुन्या कॅमेऱ्यात चेहरा मोठा करत गेलं की चौकोनी ठिपके व्हायचे. यात तसं नव्हतं. जितकं मोठं करावं तितकं आत जाता येत होतं. सुरकुत्या, पांढऱ्या पापण्या, मग डोळा, मग डोळ्यातलं काळं बुबुळ. आणि त्या बुबुळात मी उभी होते. बारीक, काळी, तोंडाच्या जागी कॅमेरा धरलेली. म्हाताऱ्याच्या डोळ्यात मी, आजीच्या डोळ्यात मी, गुरुजींच्या डोळ्यात लिंबाच्या फांद्या आणि त्यांच्याखाली मी. मला ठाऊक आहे, डोळ्यात समोरचं दिसतंच. कुणाच्याही दिसेल. पण ते तिघं आता नव्हते आणि मी त्यांच्या डोळ्यांत तशीच उभी होते, कुणाची तरी वाट बघत असल्यासारखी. मी लॅपटॉप मिटला. त्यानंतर आरशात बघतानाही मला माझ्या डोक्याच्या जागी ती काळी पेटी दिसायची.

कॅमेरा कपाटात गेला. आणि नेमकं तेव्हाच मायनं धरलं, "माझा काढ."

मी म्हटलं, कशाला? ती म्हणाली, कशाला म्हणजे? मी विषय बदलला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिला तेव्हा जिना चढताना दम लागायला लागला होता, गोळ्या चालू होत्या, पण तशी हिंडतीफिरती होती. मी बॅटरी संपली म्हणून सांगितलं. लेन्स खराब झाली म्हणून सांगितलं. शेवटी ती भडकलीच.

"काहून भिऊन राहिली तू? मी मेले तर त्या फोटूनं मरन व्हय? आन न्हाई काढला तर काय, अमरपट्टा बांधून राहणार हाय का मी?"

"माय, उगी काहीबाही बोलू नको."

"बोलते. मला तुझ्या बापावानी दुसऱ्याच्या अंगावर बसून भिंतीवर लटकायचं न्हाई. जन्मभर हे अंग मी राबवलं. तोंड माझं आन खांदे कोण्या बाईचे? मला न्हाई चालायचं. तुला सांगून ठेवते."

मी रडायला लागले. तीही रडली, पण तिचा राग काही उतरला नाही. दोन दिवस ती माझ्याशी बोललीच नाही. ताट पुढं सरकवायची आणि उठून जायची.

मग एका सकाळी मी उठले तर माय अंगणात खुर्ची टाकून बसली होती. जांभळं इरकल नेसून, कपाळाला बुक्का लावून. चारी बाजूंनी शिजवलेली हळद वाळत घातलेली, मध्ये ती. "आण," म्हणाली.

मी कॅमेरा आणला. डोळ्याला लावला. लाल ठिपका बरोबर तिच्या डोळ्यावर लागला. बोट ठेवलं होतं ते दाबेना. खरं सांगते, दाबेना म्हणजे दाबेना. मला एवढंच वाटत होतं, की आता हिच्या डोळ्यातही मी जाऊन उभी राहणार.

माय बघत होती. दोन दिवसांचा राग कुठं गेला कोण जाणे. "तू समोर उभी राहू नको," ती हळूच म्हणाली. "इकडं ये, माझ्या बाजूला. एकटीचा नकोच. दोघीचा काढू. त्याचा त्याला निघत न्हाई का?"

निघतो की! टायमर असतो. मला सुचलंच नव्हतं. हळदीनं भरलेले दोन कट्टे एकावर एक ठेवून त्यावर कॅमेरा टेकवला, बटण दाबलं आणि पळत जाऊन तिच्या मागं उभी राहिले. हात कुठं ठेवावा कळेना, म्हणून तिच्या खांद्यावर ठेवला. समोर तांबडा दिवा लुकलुकत होता. "हे काय टिकटिक करून राहिलं?" ती म्हणाली आणि तेवढ्यात खटका वाजला. ती पुरती हसलेली नाही, नुसती हसायला निघाली आहे, असा फोटो आला. छापून आणला तेव्हा तिनं तो खिडकीपाशी नेऊन बघितला. "बराबर हाय," म्हणाली. "ही मीच हाय."

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. ती दुपारी झोपली की पोट वरखाली होतंय ना ते दारातून बघायचे. खोकली तरी मी दचकायचे. एकदा तिनं डोळे मिटूनच म्हटलं, "हाय अजून. जा, कामाला लाग." ती हळद विकली गेली, पुढची लागली, तीही निघाली. माय होती. गाव ते सगळं विसरलं. मीही जवळजवळ विसरलेच. मग एका दुपारी जेवण करून ती कलंडली आणि मी वसमतहून परत येईस्तोवर सगळं संपलं होतं.

तेरवीला फोटो हवा. मी तो दोघींचा फोटो घेऊन चुलत्यांबरोबर स्टुडिओत गेले. स्टुडिओवाल्यानं स्क्रीनवर मला आधी काढून टाकलं. मी गेले, मागची भिंत आली. माय एकटी राहिली. फक्त तिच्या उजव्या खांद्यावर माझा हात तेवढा उरला, मनगटापर्यंत.

"हा काढून टाकतो आता," स्टुडिओवाला म्हणाला.

"लगेच काढ," चुलते म्हणाले. "जित्या माणसाचा हात मेलेल्याच्या फोटोत न्हाई ठेवत. अपशकुन असते."

मलाही तेच वाटत होतं. त्यानं माऊस फिरवला आणि थांबला. "ताई, हाताखाली खांदा दिसतच न्हाई. हात काढला तर खांदा नवीन लावावा लागंल. काळजी नका करू, जांभळ्या लुगड्यातले खांदे हायेत माझ्याकडं." आणि त्यानं एक फोल्डर उघडलं. त्यात बायकाच बायका होत्या. बिनडोक्याच्या. लुगडी नेसून, हात मांडीवर ठेवून, ओळीनं बसलेल्या.

"राहू द्या," मी म्हणाले.

"काय?"

"हात राहू द्या. असाच छापा."

चुलते संतापले. गावभर सांगितलं त्यांनी. तेरवीला बाया आधी फोटोकडं बघायच्या, मग माझ्या हाताकडं. पंगतीत वाढताना एका मावशीनं माझं मनगट धरलं, हात उलटासुलटा करून पाहिला आणि सोडून दिला. कुणीतरी मागं म्हणालं, दोघींचा फोटो होता, निम्मी गेली, आता निम्मी राहिली. मी ऐकलं. ऐकू येईल असंच बोलले होते.

सणासुदीला मी मायला हार घालते, तेव्हा झेंडूच्या फुलांखाली माझी बोटं झाकली जातात. भीती वाटते का? वाटते. हार सारखा करताना हात गार पडतो, आणि त्या गार तळहाताला तिच्या खांद्याचं हाड लागतं, लुगड्याच्या आतलं, बारीक, तिचंच.