तांब्यातल्या खाचा

लिहिण्याचं धाडस करतोय, त्याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि वर्तमानपत्राच्या पुरवणीत कुणाविषयी लिहिण्याइतका मोठा नाही. पण महादेवकाकांना जे सांगायचं होतं, ते आता कुठे सांगू, कळत नाही...

काका नात्यातले नव्हेत; कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत स्वतःच्या मिलिंग मशीनवर धातू कापायचं काम करायचे. माझ्या प्रोजेक्टसाठी तांब्याच्या ठोकळ्यात अर्धा मिलिमीटर रुंदीच्या खाचा हव्या होत्या. त्यांतून पाणी आणि अल्कोहोलचं मिश्रण उकळत न्यायचं आणि ते किती उष्णता ओढून घेतं, ते मोजायचं. ऐकून काका हसले. "एवढ्याशा गटारीत दारू उकळणार? आमच्या गडमुडशिंगी गावात कळलं तर रांग लागंल की लेका!" तांबं कटरला चिकटतं, म्हणून त्यांनी दोन दिवस घेऊन एकेक खाच सावकाश कापली, भिंगाखाली तपासली.

माझे आकडे मात्र जुळेनात. मिश्रण साध्या पाण्यासारखंच वागत होतं. खाचा सारख्या नसतील असं ठरवून मी ठोकळा परत नेला आणि काकांना तसं सांगितलं. काकांनी तो उजेडात बराच वेळ फिरवला. "मला तर सारख्याच दिसत्यात," ते म्हणाले. "पण तू शिकलेला हाईस. माझंच डोळं गेलं असत्याल... दुसऱ्या कुणाकडनं करून घे." मी ठोकळा पिशवीत टाकून निघालो.

पुढे सरांनी विचारलं, मिश्रण बनवतोस कसं? विरघळलेली हवा काढायला मी ते आधी तासभर उघड्या भांड्यात उकळत होतो, पाणी उकळतात तसं. अल्कोहोल तिथेच उडून जायचं. खाचांत मी जवळजवळ नुसतं पाणी सोडत होतो. भांड्याला झाकण आणि वाफ थंड करून परत आणणारी नळी बसवली आणि त्याच ठोकळ्यावर आकडे नीट आले.

काकांना सांगायला जायचं होतं. आधी परीक्षा, मग नुसताच संकोच... असे तीन महिने गेले. शेवटी फोन केला, तो त्यांच्या मुलीने उचलला.

"पप्पांना जाऊन महिना झाला की, दादा. छातीत कळ आली अन् गेले."

मी कशीबशी माझी चूक सांगितली.

"तुम्ही आलता त्या दिवसापासनं पप्पांनी बारीक काम घेतलंच न्हाई," ती म्हणाली. "गिऱ्हाईक माघारी लावायचे. डॉक्टर म्हणाले, नजर चांगली हाय. तर पप्पा म्हणायचे, शिकलेलं पोरगं खोटं कशाला बोलंल?"